डावा पाय, चौथा मजला

३ फेब्रुवारी, मंगळवार

पडलो! शेवटची पायरी समजून पाय टाकला, ती शेवटची नव्हती. डावा पाय बोटांवर दुमडला आणि सगळं अंग त्याच्यावर. आत काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं झालं. हातात अंड्यांचा ट्रे होता, तो मात्र मी शेवटपर्यंत सोडला नाही. वॉचमन धावत आला आणि आधी ट्रे उचलला!

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टेबलावर आडवं करून पायाचा फोटो काढला. "हाड शाबूत आहे. मुरगळलाय. आठवडाभर जपा, मग हळूहळू चालायला लागा." पट्टा गुंडाळला, गोळ्या दिल्या, झालं.

लिफ्ट बंद. ती काय आजची गोष्ट नाही. वॉचमननं समोरच्या गोदामातले दोन हमाल बोलावले. मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि निघाली मिरवणूक चौथ्या मजल्यावर. प्रत्येक मजल्यावर दारं किलकिली. "काय हो, काय झालं?" काय झालं ते दिसत नाही का? राजा झालोय, सिंहासनावर बसून चाललोय!

ही इथं नाही. लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, मे संपेपर्यंत तरी येत नाही. घरात मी आणि सासूबाई. बस्स.

४ फेब्रुवारी

एस ९३.६०२. पायाची मुरगळ, डावा, अधिक तपशील नाही. पुढं 'ए' — म्हणजे उपचार चालू. सकाळी चहा घेताना स्वतःला कोड देऊन मोकळा झालो. सवय!

मॅडमना फोन केला. आमच्या ऑफिसात डॉक्टरांचे कागद येतात. ते वाचायचे आणि प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला कोड लावायचा. कोड बरोबर तर विमा कंपनी हलते, नाहीतर ढिम्म. माझ्याकडे घोट्याच्या खालचं सगळं. आमच्या टेबलाला बाकीचे 'पायदळ' म्हणतात. मी म्हटलं, "मॅडम, पायदळातला शिपाई पायानंच पडला!" हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लॅपटॉप पाठवते. डोकं आणि हात चालू आहेत ना?"

आहेत.

६ फेब्रुवारी

टीव्ही सकाळी लागतो तो रात्री बंद होतो. सासूबाईंना एका कानानं कमी ऐकू येतं. कोणत्या, ते सोयीनुसार ठरतं. इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतोय, पण खरं सांगायचं तर मी सकाळी जातो, संध्याकाळी येतो, जेवतो, झोपतो. "जेवलात का आई?" "जेवले." "गोळी घेतलीत?" "घेतली." संपलं संभाषण. मध्ये ही असते. ही म्हणजे आमच्या दोघांमधली खिडकी होती म्हणा ना, आता नुसती भिंत.

आज दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसलो. त्या मला जावईबापू म्हणतात. मी त्यांना आई म्हणतो. दोघांनाही ते अजून अंगाला बसत नाही.

पाय भोपळ्यासारखा सुजलाय.

८ फेब्रुवारी, रविवार

मेहुण्याचा फोन. आधी पायाची चौकशी, मग घसा खाकरला. तेव्हाच ओळखलं, पायासाठी फोन नाही.

"आईसाठी एक जागा बघितलीय. चांगली आहे. वृद्धाश्रम म्हणू नका हं भाऊजी, निवास म्हणायचं. एप्रिलपासून खोली मिळेल."

हिला माहीत आहे. दोघा भावंडांचं ठरलंय. ही बाळंतपणानंतरही लेकीकडे जाऊन-येऊन राहणार, मेहुण्याच्या घरी सासू-सुनेचं जमत नाही, आणि मी ऑफिसात. सगळं पटतं. फक्त आईंना सांगायचं कुणी? तर मी! लगेच हिला फोन लावला. ही रडायलाच लागली. "माझ्या तोंडून नाही निघणार हो. मी पोटची लेक. तुम्ही सांगा. तुम्ही परके, तुमचं ती मनाला लावून घेणार नाही."

वा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा परका असल्याचा उपयोग झाला.

खोलीचं दार लावून बोललो सगळं. बाहेर टीव्ही चालू होता.

९ फेब्रुवारी

सांगितलं नाही. पाय ठणकत होता.

१० फेब्रुवारी

मी पलंगावर, पाय उशीवर. आई चहा घेऊन आल्या आणि पायाशीच थांबल्या. पट्टा सैल करून ठेवला होता.

"जावईबापू, तळव्याला काळंनिळं झालंय."

"सुजल्यावर होतं तसं."

"वर नाही हो. खाली. तळव्याच्या मधोमध. कुणी शाई ओतल्यासारखं."

मला कसं दिसणार? स्वतःचा तळवा बघायचा म्हणजे सर्कशीतच जायला हवं. म्हटलं, डॉक्टरांनी मुरगळ लिहिलीय, फोटोत हाड नीट आहे. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी तळवा बघितला होता?"

चहा उचलला. वाद घालण्यात अर्थ नाही.

१२ फेब्रुवारी

आठवडा झाला, म्हणून पाय टेकवला. आई गं!!

१४ फेब्रुवारी

जेलमध्ये आहे मी. पलंग, संडास, खुर्ची, पलंग. भिंतीला धरून एका पायावर उड्या मारत जायचं. खिडकीतून समोर गोदामाचं पत्र्याचं छप्पर. त्यावर एक फाटका चेंडू पडलाय, वारा आला की या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. तेवढाच कार्यक्रम.

दुपारी वैतागून ओरडलोच, "वेड लागायची पाळी आलीय! माणसानं किती दिवस या चार भिंतींत बसायचं?"

आई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "होतं सुरुवातीला तसं."

सुरुवातीला?

मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. लिफ्ट बंद पडली गेल्या हिवाळ्याच्या आधी. त्यानंतर आई खाली उतरल्याचं मला एकदाही आठवत नाही. गुडघे दोन्ही गेलेले, जिना चढणं होत नाही. डोळ्यांचे डॉक्टर? ते घरी आले होते. नातेवाइकाचं लग्न झालं, तेव्हा "आईला कुठं नेताय, दगदग होईल" — हे मीच म्हणालो होतो.

विचारलं, "आई, तुम्ही शेवटचं खाली कधी गेला होतात?"

"कुणास ठाऊक." भाजीचं ताट घेऊन आत गेल्या.

१५ फेब्रुवारी

लिफ्टबद्दल इमारतीच्या समितीला फोन केला. पुढच्या महिन्यात नक्की, म्हणाले. कोणत्या महिन्याच्या पुढच्या, ते सांगत नाहीत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कामाला बसलो. लॅपटॉप मांडीवर, पाय खुर्चीवर. एका बाईंचे कागद आले. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी लिहिलंय, पाय मुरगळला. काही आठवड्यांनी दुसरे डॉक्टर लिहितात, पायाच्या मधल्या भागातला सांधा निखळला आहे. दोन भेटी, दोन कोड. माझं काम झालं.

नेहमी झालंच असतं. आज अडकलो. मधल्या त्या आठवड्यांत ती बाई काय करत होती? मुरगळलाय म्हणून निखळलेल्या पायावर चालत असणार. घरात कुणीतरी म्हटलंही असेल, उगाच बाऊ करतेस.

आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात — डॉक्टरांनी लिहिलं नाही ते झालं नाही. अंदाज करायचा नाही, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. कागदावर नसलेलं दुखणं म्हणजे दुखणंच नाही. फार सोयीचा नियम आहे. रात्री झोप छान लागते.

१९ फेब्रुवारी

आज घरात कारखाना. आईंनी माळ्यावरून त्यांची जुनी पत्र्याची पेटी काढायला सांगितली — म्हणजे वॉचमनला सांगितली. पेटीत पाने, पक्कड, ग्रीसचा डबा. घरातल्या माझ्या फिरत्या खुर्चीची चाकं काढली आणि स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलाला बसवली. वर जुनी उशी बांधली. डावा गुडघा उशीवर ठेवायचा, उजव्या पायानं ढकलायचं. चालतं की! पलंगापासून संडासापर्यंत सुसाट. दारात एकदा धडकलो, तर म्हणतात, "ब्रेक नाहीत, जपून. ब्रेकचे वेगळे पडतील."

आईंचं सायकलचं दुकान होतं. हे मला माहीत आहे म्हणजे काय, हिच्याकडून ऐकलेलं. सासरे गेल्यावर त्यांनी स्वतः पाने हातात घेतले. पंक्चर, ब्रेक, चेन, सगळं. दोन पोरं त्यावर वाढवली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा हिनं हट्टानं दुकान बंद करायला लावलं आणि त्यांना इथं आणलं. त्या वेळी आम्ही सगळे म्हणत होतो — सुटल्या एकदाच्या.

हात ग्रीसनं काळे झालेले. धुवायला किती वेळ लावला त्यांनी! नळाखाली नुसते धरून उभ्या होत्या.

२१ फेब्रुवारी

भांडण. पहिलंच! आई म्हणाल्या, "दुसरा डॉक्टर बघा." मी म्हटलं, सूज उतरेल, वेळ लागतो. "पाय खाली ठेवता येत नाही तुम्हाला, आणि म्हणे वेळ लागतो." मी म्हटलं, "आई, मी रोज हेच वाचतो, मला कळतं." तर म्हणाल्या, "तुम्ही कागद वाचता. पाय कुणाचा बघितलाय आजवर?"

खरंच कुणाचा नाही बघितला.

"लेकीला फोन करू का?" शेवटची धमकी. ही तिकडून निघून आली असती. बाळ आज येतंय की उद्या, अशा वेळी! कबूल झालो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा हमाल, पुन्हा खुर्ची. निघताना बघतो तर आई दारात उभ्या. चांगली साडी नेसलेल्या, पायात चपला. केव्हा घातल्या कोण जाणे.

"मी येते सोबत."

"तुम्ही कुठं येताय? उतराल, पण चढणार कशा?"

"बघू की चढायच्या वेळी."

"नको, नको. घरी बसा आरामात. मी येतोच."

खुर्ची उचलली. जिन्याच्या वळणावरून वर बघितलं तर तशाच उभ्या होत्या, चौकटीला हात लावून. माझ्यावर जीव आहे, हे मान्य करायला हवं. उगाच इतकी वर्षं अंतर ठेवलं.

हाडांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला एक घाव दोन तुकडे. तळवा बघितला आणि लगेच म्हणाल्या, "उभं राहा. दोन्ही पायांवर वजन टाका. असाच फोटो काढायचा." उभा राहिलो. डोळ्यांपुढे काजवे! पण फोटोत दिसलं. निजून काढलेल्या फोटोत जे मिटून बसलेलं, ते वजन पडताच उघडं पडलं. पायाच्या मधल्या हाडांत फट. सरळ फट.

"ही मुरगळ नाही. लिसफ्रँकचा सांधा निखळलाय. ऑपरेशन लागेल."

मला हसूच आलं. त्या बघतच राहिल्या. काय सांगू त्यांना? या सांध्याशी माझी रोजची उठबस. त्याचा कोड झोपेतही सांगेन. फक्त तोंडओळख नव्हती.

२४ फेब्रुवारी

एस ९३.३२५. दुरुस्ती केली.

आईंना सांगितलं, "तुमचं बरोबर होतं." वाटलं, दोन शब्द ऐकवतील. "फाटकातून आत जाताना पायऱ्या आहेत का हो त्या दवाखान्यात?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाहीत, उतार आहे. "बरं आहे," म्हणाल्या.

२७ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. एक पट्टी, काही स्क्रू. भूल उतरतेय. अक्षर बघ कसं चाललंय.

४ मार्च, बुधवार

घरी. पाय प्लास्टरमध्ये. एप्रिलच्या शेवटापर्यंत जमिनीला लावायचा नाही! डॉक्टरीणबाईंनी बोट दाखवून सांगितलं, "एकदाही नाही. विसरूनही नाही."

मला वर चढवताना हमाल म्हणाला, "साहेब, वजन कमी झालं तुमचं." चला, काहीतरी कमी झालं.

आईंनी चाकाच्या स्टुलाला ब्रेक बसवलेत! सायकलचे जुने रबर. हँडल दाबलं की चाक थांबतं. मी दवाखान्यात असताना केलं म्हणे. एकट्या होत्या घरात, इतके दिवस. जेवल्या असतील का नीट? विचारायला हवं होतं तेव्हा फोनवर.

७ मार्च

नात झाली! दोघी सुखरूप. ही फोनवर हसत होती, रडत होती, मग एकदम आवाज खाली आणून, "आईला सांगितलंत का?"

"नातीचं? अगं, आत्ताच तर—"

"नातीचं नाही."

म्हटलं, सांगतो. पाय जरा बरा होऊ दे.

पाय हे फार चांगलं कारण आहे. कुठंही चालतं.

१० मार्च

टीव्ही हल्ली कमी असतो. आई माझ्या खोलीत खुर्ची टाकून बसतात. मी काम करतो, त्या खिडकीतून रस्ता बघतात. माझ्या पलंगावरून फक्त गोदामाचं छप्पर दिसतं, त्यांना त्यांच्या कोनातून सगळा रस्ता दिसतो. त्या बातम्या देतात.

"पाववाल्याची चेन कोरडी पडलीय. ऐकू येतंय इथवर."

"आई, तुम्हाला माझी हाक ऐकू येत नाही बाजूच्या खोलीतून!"

"हाक वेगळी, चेन वेगळी."

चौकात खोदलंय. टपालवाली बाई आता स्कूटरवर येते. केस कापायच्या दुकानाला हिरवा रंग दिलाय, तो त्यांना पसंत नाही. एक म्हातारे गृहस्थ रोज त्याच वेळी कोपऱ्यापर्यंत जातात आणि काही न घेता परत येतात. "कशाला जात असतील?" मी विचारलं. आई माझ्याकडे वळून बघत राहिल्या. "जायला," म्हणाल्या.

१३ मार्च

आज त्या आपण होऊन बोलल्या. दुकानाचं शटर पहाटे उघडायचं, ते वर जाताना जो आवाज व्हायचा तो. समोरून माणसं जायची, कुणी थांबायचं, कुणी नुसती मान हलवायचं. "दिवसभर रस्त्यावरच की मी. पाऊस आला तर तेवढी आत सरकायची."

"मग बंद केलंत तेव्हा वाईट नाही वाटलं?"

"तुम्ही सगळे एवढे खूश होतात."

मी म्हटलं, चहा टाकू का — आणि दोघंही हसलो. मी चहा टाकणार म्हणजे आधी मला स्टुलावरून स्वयंपाकघरात न्यायचं, मग तिथून वाचवायचं!

इतकं हसलो, प्लास्टरच्या आत खाज सुटली.

१६ मार्च

मॅडमनी फाइल परत पाठवली. 'तपशील नाही' असे कोड माझ्याकडून फार जातायत म्हणे. "डॉक्टरांना विचारून घ्या, कोणता सांधा, कोणती बाजू. न विचारता कोड लावून मोकळं व्हायचं नाही." बरोबर आहे. दिवसभर विचारणा करत बसलो.

१८ मार्च

मेहुण्याचा फोन. खोली धरून ठेवता येत नाही फार दिवस. रांग आहे. "तुम्ही बोललात ना आईशी?"

बाहेर आई माझे मोजे वाळत घालत होत्या. एकच मोजा खरं तर, उजव्या पायाचा. त्याच्यासाठी दोन चिमटे लावत होत्या. वारा असतो गच्चीच्या बाजूनं.

म्हटलं, उद्या कळवतो.

१९ मार्च

कळवलं नाही. त्या समोर आल्या की तोंड उघडतो आणि भलतंच बोलतो. आज म्हटलं, "आई, भात छान झालाय." त्या म्हणाल्या, "भात नाही केला आज."

संध्याकाळी त्या खुर्ची ओढून समोरच बसल्या. हात मांडीवर. "जावईबापू, काही सांगायचंय का मला?"

मी म्हटलं, "नाही हो. काही नाही."

"बरं," म्हणून उठल्या.

वाचलो! पण किती दिवस वाचणार?

२१ मार्च, शनिवार

ठरवलं. सांगायचंच नाही — कारण पाठवायचंच नाही!

का पाठवायचं? ज्या बाईनं आमच्यासाठी दुकान सोडलं, माझा तळवा बघितला, माझ्या स्टुलाला ब्रेक लावले, तिला उतारवयात अनोळखी लोकांत नेऊन टाकायचं? कुठल्या तोंडानं? आणि सोडून जाताना ती आपल्याकडे बघेल, ते बघायचं कुणी? मीच. मी नाही बघणार. लिफ्ट होईल पुढच्या महिन्यात. समितीच्या मागे लागतो. झाली की रोज खाली नेईन त्यांना, मी स्वतः, काठी टेकत का होईना.

आणि खरं लिहायचं तर — त्या गेल्यावर या घरात मी एकटा, प्लास्टर घालून, खिडकीतून तो फाटका चेंडू बघत. नको रे बाबा.

मेहुण्याला फोन केला. "खोली नको. आई इथंच राहतील." तो म्हणाला, "तुम्ही विचारलंत तिला?" मी म्हटलं, "यात विचारायचं काय? कोण हो म्हणेल?" हिला सांगितलं तर रडलीच, पण या वेळी आनंदानं. "तुम्ही एवढे चांगले आहात हे मला माहीतच नव्हतं!"

मलाही नव्हतं. आज जेवण गेलं नीट.

२२ मार्च

छाती कशी हलकी वाटतेय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शीळ घातली. आई म्हणाल्या, "आज काय विशेष?" म्हटलं, सांगेन, सांगेन. मुहूर्त बघतोय.

२६ मार्च

प्लास्टर उघडून टाके बघायला नर्सबाई घरी आल्या. जखम छान भरतेय. आता माझ्या कोडचं शेवटचं अक्षर बदलेल. 'ए'चं 'डी' — म्हणजे बरा होतोय. तिसरंही एक अक्षर आहे, 'एस'. दुखणं गेलं, पण मागे जे ठेवून गेलं, त्याच्यासाठी. ते लागायला नको, एवढीच इच्छा.

आई नर्सबाईंना खोदून खोदून विचारत होत्या — कुठून येता, चालत येता का, वाटेत सावली आहे का. बिचारीला उशीर झाला, पण तिनंही हौसेनं सांगितलं.

२८ मार्च

मेहुण्याचा निरोप. ती खोली दुसऱ्या कुणाला गेली. झालं, आता मागे फिरणं नाही. बरंच झालं. उद्या आईंना सगळं सांगतो. लपवण्यासारखं आता काहीच उरलं नाही, उलट चांगलीच बातमी आहे.

२९ मार्च, रविवार

सांगितलं. दुपारच्या चहाला. कसं सगळ्यांनी ठरवलं होतं, कसा मी नाही म्हणालो. "तुम्ही कुठं जायचं नाही, आई. हे तुमचंच घर. खोली देऊनही टाकली त्यांनी दुसऱ्याला."

कप खाली ठेवला त्यांनी. खिडकीकडे बघितलं.

"मला माहीत होतं," म्हणाल्या. "पहिल्या फोनलाच ऐकलं. नंतर तिथं फोन करून विचारलंही होतं मी. तळमजल्याची होती ती खोली. दार उघडलं की रस्ता. म्हटलं, लेकीला कसं सांगू, मला जायचंय म्हणून? तुम्ही काढाल विषय. वाट बघत होते."